सार्क बाजूला राहू द्या, हॉटलाइन मात्र बंद नको

भुसावळहून:
पाकिस्तानसारख्या वैरी शेजाऱ्याशी सुरक्षेबाबत कसलाही संबंध ठेवणे म्हणजे दुबळेपणा, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. उरीच्या लष्करी तळावरील दहशतवादी हल्ल्यानंतर २७ सप्टेंबर २०१६ रोजी भारताने सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या, इस्लामाबादमधील परिषदेला जाणार नसल्याचे कळवले, २९ तारखेला नियंत्रण रेषेपलीकडच्या कारवाईची घोषणा झाली आणि त्याच दिवशी धुळे जिल्ह्यातील बोरविहीरचा एक जवान नकळत रेषा ओलांडून पलीकडे गेला. मी तेव्हा धुळ्यात नोकरीला होतो. बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी कोणीतरी विचारीच, "पोऱ्यानं काही समजनं का?" दोन्ही देशांतले बाकीचे बोलणे थांबले होते, तरी डीजीएमओंची, म्हणजे दोन्ही लष्करांच्या कारवाई महासंचालकांची हॉटलाइन चालू होती, जवान चुकून पलीकडे गेल्याचे भारताने त्याच मार्गाने कळवले आणि २१ जानेवारी २०१७ रोजी तो वाघा सीमेवरून परत आला. अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याच्या १९८८ च्या करारानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, आणि कारगिलनंतरही त्यात खंड पडला नाही. सार्कच्या सनदेनेच द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेबाहेर ठेवले आहेत, त्यामुळे त्या व्यासपीठाकडून मला फारशी आशा नाही. नेमक्या कामापुरत्या या अरुंद वाटा मात्र कितीही संताप झाला तरी बुजवू नयेत.

अमळनेरहून:
जवान सुखरूप परतला याचा आनंद मलाही आहे. पण वाट चुकलेला शिपाई परत करणे वेगळे आणि स्वतःच्या अंगणात पोसलेल्या संघटनेवर हात टाकणे वेगळे. सप्टेंबर २००६ मध्ये हवाना येथे मनमोहन सिंग आणि मुशर्रफ यांनी संयुक्त दहशतवादविरोधी यंत्रणा ठरवली, मार्च २००७ मध्ये तिची पहिली बैठक झाली, आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. त्या खटल्यातला प्रमुख आरोपी लखवी एप्रिल २०१५ मध्ये पाकिस्तानच्या तुरुंगातून जामिनावर बाहेर पडला. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा मार्चमध्ये आपण त्यांच्या तपास पथकाला त्या तळापर्यंत नेले. आपल्या पथकाला मात्र त्यांनी तिकडे येऊ दिले नाही. सहकार्य कशाने होते हे पाहायचे असेल तर बांगलादेशाकडे पाहा. आसाममधील उल्फा या सशस्त्र फुटीरतावादी संघटनेचे नेते अनुप चेतिया १९९७ साली ढाक्यात पकडले गेले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये भारताच्या ताब्यात आले. दहशतवाद दडपण्याचा सार्क करार १९८७ चाच होता. मधल्या काळात बदलले ते ढाक्यातले सरकार.

चोपड्याहून:
आमच्याकडे सातपुडा उतरून गावठी कट्टे येतात. देश एक, कायदा एक, तरीही मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या पोलिसांना नाकाबंदी आधी ठरवूनच करावी लागते. मग दोन वैरी राष्ट्रांचे पोलीस एका करारावर सह्या करून मिळून काम करू लागतील, ही अपेक्षाच जास्त आहे. शिवाय आरोपी सोपवण्याची तरतूद दुधारी असते. मागणी प्रामाणिक नसल्यास ती नाकारण्याची मुभा १९८७ च्या करारात आहे, आणि ती राहायलाच हवी, कारण प्रत्येक सरकारला आपला विरोधक गुन्हेगार दिसतो. बांगलादेशाच्या पंतप्रधान शेख हसीना सत्ता गेल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात आल्या आणि डिसेंबरात ढाक्याने त्यांना परत मागितले.

भुसावळहून:
चेतियांबाबत आपले म्हणणे मान्य आहे; राजकीय इच्छा नसेल तर करार कागदावरच राहतो. मात्र पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरची लढाई १० मे २०२५ रोजी थांबली ती दुपारी पाकिस्तानच्या डीजीएमओने आपल्या डीजीएमओला केलेल्या फोनमुळे, हेही लक्षात घ्यावे. खान्देशातल्या किती घरांतली मुले त्या दिवशी सीमेवर होती, हे आपण जाणताच.

अमळनेरहून:
माझा पुतण्याही त्यांच्यात होता. हॉटलाइन बंद करा असे मी म्हणणार नाही. तिला सहकार्य म्हणू नये आणि तिच्या भरवशावर सीमेवरचा एकही पहारा कमी करू नये, एवढाच माझा आग्रह आहे.