नवीन मेमरी फोमच्या गादीची सवयच होत नाहीये, थांबू की परत करू?

मंडळी, जरा मदत हवीये. आमच्याकडे इतकी वर्षं कापसाची गादी होती, अधूनमधून पिंजून घ्यायचो, पण हल्ली आमच्या भागात (ठाणे) तो तार वाजवत फिरणारा पिंजारी दिसतच नाही आणि गादीत मधोमध खड्डा पडलेला, म्हणून शेवटी ऑनलाइन मेमरी फोमची मागवली, 78 बाय 72, 8 इंची. बॉक्समधून गुंडाळी आली, उघडल्यावर फुगली, सुरुवातीला रंगासारखा वास मारत होती तो खिडक्या उघड्या ठेवून गेला. त्याबद्दल तक्रार नाही.

प्रॉब्लेम कंबरेचा आहे. सकाळी उठले की कंबर धरलेली असते, चहा होईपर्यंत नीट वाकताही येत नाही, मग हालचाल सुरू झाली की दहा वाजेपर्यंत सगळं गायब. नवरा मात्र आडवा पडला की घोरायला लागतो, त्याचं वजन माझ्या दीडपट असेल, तो म्हणतो होईल सवय. कस्टमर केअरवालाही तेच, बॉडीला ॲडजस्ट व्हायला महिना लागतो मॅडम. पण शंभर रात्रींची ट्रायल आहे, त्यातल्या बऱ्याच गेल्या, आणि मला आता शंका यायला लागलीये की थांबा थांबा करत हे मुदत संपवतायत.

मी कुशीवर झोपते, वय 46, पलंग प्लायचा बॉक्सवाला, एसी झोपताना तासभर लावून बंद करतो. पहाटे पाठ घामाने ओली असते ते वेगळंच. मधे एकदा खाली सतरंजी आणि दुलई टाकून झोपले तर कंबर बरी होती पण खांदा दुखला. आणि हो, पलंग इतका उंच झालाय की सासूबाईंचे पाय जमिनीला टेकत नाहीत, त्या त्यावर बसायलाच तयार नाहीत!

तर सवय व्हायची कळ कुठली आणि गादीच चुकलीये हे ओळखायचं कसं? कडक गादीच पाठीला चांगली हे खरंय का? टॉपर (गादीवर अंथरायचा पातळ थर) टाकून काही होईल का?

प्रतिसाद १
कडकच चांगली हे जुनं झालं. 2003 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले 313 लोक, काहींना कडक गादी दिली काहींना मध्यम कडक, 90 दिवसांनी मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं. म्हणजे तुम्हाला मधलं काहीतरी शोधायचंय. टॉपरने मऊ गादी कडक होत नाही हो, खालचं बुडतंय ते बुडणारच, उगाच पैसे घालवू नका. कडक गादी खांद्याला टोचत असेल तर मात्र टॉपरचा उपयोग होतो.

प्रतिसाद २
मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो. नासाने विमानाच्या सीटसाठी 1966 मधे काढलेला प्रकार आहे हा, अंगाच्या गरमीने आकार घेतो तीच त्याची खासियत. आता तुमचा एसी तासाभरात बंद, खाली बंद प्लाय, हवा खेळायला जागाच नाही, मग पहाटेपर्यंत फोम आणखी मऊ होऊन कंबर खाली जात असणार. थोडे दिवस एसी 26 वर रात्रभर चालू ठेवून बघा, फरक पडला तर कारण सापडलं. शिवाय खांदा आत रुततो म्हणजे जुनी उशी आता उंच पडत असेल, पातळ घ्या, आणि गुडघ्यांमधे एक उशी ठेवा.

ओळखायचं म्हणाल तर माझं मत असं की सवयीची कळ आठवड्यागणिक कमी होत जाते. तशीच राहिली किंवा वाढली आणि दुसरीकडे झोपल्यावर जात असेल तर गादीच तुम्हाला सूट होत नाहीये. पायात कळ उतरली, मुंग्या आल्या तर मात्र गादी राहू दे, डॉक्टरकडे जा.

प्रतिसाद ३
ताई, कापसाच्या गादीला तोड नाही. ऊन दाखवा, उलटीपालटी करा, झालं. पिंजारी दारावर येत नसतील पण गादीवाल्यांची दुकानं असतात बाजारपेठेत, मशीनवर पिंजून देतात. फक्त मऊ हवी म्हणून सावरीचा कापूस घालू नका, तो उशीलाच बरा.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद. एसी रात्रभर ठेवला, घाम थांबला पण कंबर जैसे थे. पातळ उशीने मान मात्र बरीच सुधारली, हे मी विचारलंही नव्हतं! परत करायचं ठरवलंय, ट्रायल संपायच्या आत मेल टाकलाय, फोनवर नाही, लेखी. आता ते म्हणतायत ओरिजिनल बॉक्स लागेल. एवढी फुगलेली गादी परत त्या बॉक्समधे कोणी घालून दाखवली आहे का? ट्रायलच्या अटींमधे बॉक्सचा उल्लेख मला तरी दिसला नाही, कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.