२५ टनांची कांदाचाळ: पूर्वसंमतीआधी पाया भरावा का?

निफाडकर:
महाडीबीटीवर (सरकारी योजनांच्या पोर्टलवर) कांदा साठवायच्या २५ टनांच्या चाळीचा अर्ज भरलाय, पूर्वसंमती (काम सुरू करायची मंजुरी) अजून आलेली नाही. उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघेल. तोवर पाया भरून खांब उभे केले तर अनुदान अडकेल का? दुपाखी (दोन कप्प्यांच्या) चाळीची मापं काय धरायची? सातबारा दोघा भावांचा सामायिक आहे.

कागदपत्रवाला:
भाऊ, पाया थांबवा. संमतीच्या तारखेआधीचं काम आणि आधीच्या तारखेचं बिल, दोन्ही मोका तपासणीत (जागेवर येऊन होणाऱ्या पाहणीत) बाद होतात. योजनेच्या सुधारित मापदंडात २५ टनांपर्यंत खर्च टनाला १०,००० रुपये धरलाय आणि अनुदान त्याच्या निम्मं, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त सव्वा लाख. तेही काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर आधारशी जोडलेल्या खात्यात येतं. सुरुवातीचं सगळं भांडवल तुम्हालाच घालावं लागणार, त्याची सोय आधी बघा. फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढलेला असू द्या आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद आहे का ते आजच तपासा. ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) राहून गेली म्हणून किती तरी अर्ज परत येतात, वाईट वाटतं. भावाचं संमतीपत्र जोडा. पत्रे, अँगल, फळ्या सगळ्याची जीएसटी बिलं घ्या आणि पैसे बँकेतूनच द्या.

चाळबांधणी:
मापं लिहून घ्या. लांबी ४० फूट, दोन कप्पे प्रत्येकी ४ फूट रुंद, मध्ये ५ फुटांची मोकळी वाट. कांदा ५ फुटांच्या वर भरायचा नाही. एवढ्यात २५ टन बसतात. जागा वाचवायला कप्पा ६ फुटांचा केला की मधल्या कांद्याला वारा लागत नाही, तिथेच ऊब धरते आणि सड सुरू होते. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचला, त्याखाली हवा खेळली पाहिजे. खाली सिमेंटचा कोबा करून त्यावर कांदा ओतू नका. दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम लांब ठेवा, दुपारनंतरचं तिरपं ऊन मग फक्त आखूड बाजूवर येतं. छपराला सिमेंटचे पत्रे किंवा कौलं घाला, टिनाचा पत्रा उन्हात फार तापतो. पाऊस आत येऊ नये म्हणून पाखं बाहेर ३ फूट काढा.

पण चाळ कितीही चांगली असली तरी ओला कांदा टिकत नाही. काढणीआधी २-३ आठवडे पाणी तोडा. काढल्यावर पातीसकट ३-४ दिवस शेतात सुकवा, मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि १०-१२ दिवस सावलीत पातळ थर देऊन ठेवा. भरायच्या आधी मान चिमटीत दाबून बघा. कोरडी, पिळलेली लागली तर भरा. बोटांखाली मऊ, ओलसर सरकली तर तो कांदा, आणि जोडकांदे, डेंगळेही (फुलाचा दांडा आलेले कांदे), थेट बाजारात न्या.

निफाडकर:
भांडवल कमी पडतंय. कर्जावर काही सवलत?

कागदपत्रवाला:
आहे. कृषी पायाभूत सुविधा निधीतून २ कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत मिळते, जास्तीत जास्त ७ वर्षं. वैयक्तिक शेतकऱ्यालाही चालते आणि चाळीचं अनुदान घेतलं तरी मिळते. फक्त बँकेच्या शाखेत जाताना पूर्वसंमती आणि कोटेशन सोबत न्या, आणि कर्ज व अनुदान दोन्हींच्या अर्जात खर्चाचा आकडा एकच लिहा.