परागाश्म म्हणावं का?

एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. सूक्ष्मदर्शकाखाली खडकातले प्राचीन परागकण बघून त्या काळची झाडंझुडपं ओळखण्याबद्दल आहे. अशा परागांना 'परागाश्म' म्हणावं का? आणि या अभ्यासशाखेला, पॅलिनॉलॉजीला, 'परागविज्ञान' पुरेल ना?

—

शब्द गोड आहे, पण लागू पडत नाही. परागाचा दगड झालेलाच नसतो. आतला जिवंत भाग कुजतो, बाहेरचं स्पोरोपोलेनिन या चिवट पदार्थाचं कवच मात्र कोट्यवधी वर्षं टिकतं. प्रयोगशाळेत नमुना हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकला की वाळूमातीतली सिलिकेटं विरघळतात आणि पराग उरतात. अश्म गेला, पराग राहिला! मग त्यालाच अश्म कसं म्हणायचं?

—

तसं तर 'जीवाश्म'ही सैलच. लॅटिनमधला मूळ 'फॉसिलिस' म्हणजे नुसतं खणून काढलेलं. दगड आपण घातला. पण तो रुळलाय, तेव्हा 'जीवाश्म पराग' लिहा, नवा समास नको.

पॅलिनॉलॉजी हे नाव हाइड आणि विल्यम्स यांनी १९४४ मध्ये सुचवलं. ग्रीक 'पालुनो' म्हणजे शिंपडणं, भुरभुरणं. लॅटिन 'पोलेन' म्हणजे बारीक पीठ, आपली पिठी. संस्कृतात 'पराग'चा एक अर्थ धूळ, म्हणजे कल्पना सगळीकडे तीच. अडचण एवढीच की या शास्त्रात नेच्यांचे, शेवाळींचे बीजाणूही येतात, त्यामुळे 'परागविज्ञान' तोकडं पडतं. मी वर्तमानपत्रासाठी तेच लिहिते, एरवी सरळ पॅलिनॉलॉजी.

एक सावधगिरी. जिथे तिथे 'प्रजाती' लिहू नका. गवतांचे पराग गोल, एका छिद्राचे आणि एकमेकांसारखेच. बहुतेकदा कुळापलीकडे ओळख जात नाही. तिथे 'परागप्रकार' बरा. टक्केवारीचंही तसंच. १९१६ मध्ये स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनं पीटच्या (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांतल्या परागांची टक्केवारी मांडली, तेव्हापासून ही पद्धत आहे. पण ती परागांची टक्केवारी, झाडांची नव्हे. पाइनच्या परागाला हवेच्या दोन पिशव्या असतात, तो वाऱ्यावर कुठच्या कुठे जातो. किड्यांच्या भरवशावरची झाडं मोजकेच पराग करतात.

—

पटलं, परागाश्म खोडला. आता शेवटचं: हवेतून खाली पडत राहणाऱ्या परागांना, 'पोलेन रेन'ला, परागवर्षाव?

—

वर्षाव म्हटलं की अभिनंदनाचा आठवतो. 'परागसडा' कसा वाटतो? प्राजक्ताचा सडा पडतो तसा हा तळ्यावर पडतो, आणि अंगणात सडा शिंपतात, म्हणजे 'पालुनो'ही आलं. फक्त कोकणातला वाचक जांभ्या दगडाचं पठार, तिथला 'सडा', समजेल, तेव्हा पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा द्या.