त्रिंकोमाली : साग की हळदू?

दर्याची_लेक : मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती १:९६ मापात करतेय. मूळ जहाज मलबारी सागाचं, म्हणून मलाही सागच हवाय! पण नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, वाकवताना लाकडी पट्ट्या चिरतात.

रंधा : या मापात एक फूट म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. सागाच्या रेषा फार ठळक दिसतील. हळदूचं लाकूड घ्या, बारीक पोताचं असतं. पट्ट्या गरम पाण्यात भिजवा, वाकवून तशाच बांधून वाळवा.

शिडाची_दोरी : पट्ट्या नाळेकडे निमुळत्या करा, नाहीतर एकमेकींवर चढतील. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे लावायचे, तिथले सांधे झाकले जातात. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला मूळ जहाज जपलंय, फोटो जरूर पाहा.

दर्याची_लेक : ठीक, पट्ट्यांना हळदू. प्रतिकृती ठेवायची बैठक मात्र सागाचीच करणार.