‘पृष्ठवंशी’मधला ‘वंश’ कोणता? खंड, वलय, मणका आणि पेर

शंका : पृष्ठवंशी प्राण्यांच्या उगमाविषयी एकेकाळी मांडलेल्या आणि पुढे मागे पडलेल्या काही धाडसी उपपत्तींवर मराठीत लिहिताना मी दोन ठिकाणी अडलो आहे. ‘पृष्ठवंशी प्राण्यांचा वंश’ असे लिहिले की एकच शब्द दोनदा आल्यासारखा वाटतो; या दोन्ही ‘वंशां’चा अर्थ एकच आहे का? दुसरे असे की, ‘सेगमेंट’साठी, म्हणजे शरीराच्या एकामागोमाग येणाऱ्या सारख्या भागासाठी, कोणी खंड लिहितात, कोणी वलय, तर कोणी मणकासुद्धा. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : अर्थ एकच नाही. संस्कृतात ‘वंश’ म्हणजे वेळू, बांबू. बासरीला ‘वंशी’ म्हणतात तेही यामुळेच. पृष्ठवंश म्हणजे पाठीतला वेळू. पेरापेरांनी बनलेला, तरीही सलग, असा तो कणा असल्यामुळे ही उपमा फार नेमकी आहे, आणि ‘पृष्ठवंशी’ शब्दाचा कुळाशी काही संबंध नाही. आपल्या वाक्यात मात्र दुसरा ‘वंश’ कुळाचाच आहे, म्हणून तेथे ‘पृष्ठवंशी प्राण्यांची वंशावळ’ किंवा ‘पूर्वज’ लिहावे.

खंड, वलय आणि मणका यांची अदलाबदल मात्र करू नये, कारण आपल्या विषयातला सगळा वाद याच शब्दांच्या सीमांवर उभा आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ज्योफ्रुआ सेंत-इलेर यांनी 1822 मध्ये असे मांडले की, शेवंडासारखा संधिपाद (सांधेदार पायांचा, कीटकांच्या गटातला) प्राणी पाठीवर उलथा ठेवला तर त्याच्या अवयवांची मांडणी पृष्ठवंशी प्राण्यासारखी दिसते : चेतारज्जू (मज्जातंतूंचा मुख्य दोर) वर, अन्ननलिका खाली. त्यांच्या मते कीटकाच्या कवचाचे प्रत्येक कडे म्हणजे मणकाच, फरक एवढाच की कीटक आपल्या मणक्यांच्या आत राहतो आणि आपण बाहेर. त्यांचे मत सांगताना ‘वलय म्हणजे मणका’ हे समीकरण लिहावेच लागेल, कारण तेच त्यांचे प्रतिपादन आहे. पण लेखकाने स्वतःच्या निवेदनातही तसे लिहिले, तर न पटलेले मत त्याने नकळत मान्य केल्यासारखे होते.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अँटोन डोर्न यांनी 1875 मध्ये पूर्वजाची जागा गांडुळासारख्या वलयी कृमीला दिली. कृमी उलटा झाला हे गृहीत धरले की तोंडाची अडचण येते : कृमीची अन्ननलिका मेंदूभोवतीच्या चेताकड्यातून जाते, आपली तशी जात नाही. म्हणून जुने तोंड नाहीसे झाले आणि कल्ल्यांच्या फटींची एक जोडी एकत्र येऊन नवे तोंड बनले, असे त्यांनी सुचवले. इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर गॅस्केल यांनी 1908 च्या ग्रंथात प्राणी उलटवलाच नाही. संधिपाद पूर्वजाची जुनी अन्ननलिकाच चेतानलिकेची (मेंदू आणि चेतारज्जू यांच्या आतल्या नळीची) पोकळी झाली आणि खाली नवी अन्ननलिका तयार झाली, असे ते म्हणाले. मला स्वतःला ही कल्पना सर्वांत धाडसी वाटते, आणि गर्भाच्या वाढीतून तिला आधार मिळत नाही, कारण चेतानलिका गर्भाचा बाहेरचा थर (बाह्यस्तर) वळून बनते, अन्ननलिकेपासून नव्हे.

आता शब्दांकडे. ‘वलय’ बाहेरून दिसणाऱ्या कड्यासाठी ठेवावे. वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या जळूच्या मध्यशरीरात आतल्या एका खंडावर बाहेर पाच वलये असतात. वलय आणि खंड एकच मानले तर मोजणी पाचपट चुकते. ‘मणका’ हाडाच्या घटकासाठीच ठेवावा. ‘मणी’ या शब्दाशी त्याचे नाते असल्यामुळे डोळ्यांसमोर ओवलेली माळ येते, पण मणका हा गर्भातल्या खंडाचा सरळ वारस नाही. एका खंडाचा मागचा भाग आणि त्याच्या लगेच मागच्या खंडाचा पुढचा भाग एकत्र येऊन एक मणका घडतो, हे रॉबर्ट रेमाक यांनी 19व्या शतकाच्या मध्याला दाखवले. म्हणजे मणक्याची सीमा आणि खंडाची सीमा अर्ध्या घराने सरकलेल्या असतात, आणि त्यामुळेच एका खंडाचा स्नायू दोन मणक्यांना जोडून पाठ वाकवू शकतो. लोरेंझ ओकेन यांनी 1807 मध्ये कवटी मणक्यांची बनलेली आहे असे म्हटले आणि थॉमस हक्सली यांनी 1858 मध्ये ते खोडून काढले, तरी डोक्यात खंड असतात का, हा प्रश्न त्यानंतरही जिवंत राहिला. मणका आणि खंड या दोन्हींना एकच शब्द वापरणाऱ्याला हे वाक्य लिहिताच येणार नाही.

पुढील शंका : मग ‘पेर’ का नको? तो आपला शब्द आहे आणि वेळूच्या उपमेत चपखल बसतो.

उत्तर : वर्णनात जरूर वापरावा. परंतु परिभाषेत ‘खंड’ आणि ‘पेर’ वेगळे काही सुचवतात. खंड म्हणजे अखंडाचा पाडलेला भाग. फळमाशीच्या भ्रूणात जवळजवळ सर्व खंड एकदम आखले जातात, तेथे हा शब्द अगदी योग्य आहे. पेर एकामागून एक वाढते. वलयी कृमीत नवे खंड शेपटीजवळच्या वाढीच्या भागातून येतात, तेथे ‘पेर’ अधिक चित्रदर्शी ठरते. खंडयुक्त प्राणी म्हणजे मुळात साखळीने जोडलेल्या स्वतंत्र जीवांची वसाहत, असे एद्मों पेरिये यांनी 1881 मध्ये मांडले होते, त्याला तर माळेतल्या मण्यांचीच उपमा जवळची. म्हणून सर्वसाधारण संज्ञा ‘खंड’ ठेवावी आणि प्रत्येक उपपत्तीची उपमा तिच्या जागी सांगावी.

‘उपपत्ती’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘सिद्धांत’ या शब्दात ‘सिद्ध’ बसलेले असल्यामुळे डोर्न यांच्या कल्पनेला तो शोभत नाही. मात्र ज्योफ्रुआ यांचे उलथणे पूर्णपणे फोल ठरलेले नाही. फळमाशीत पाठीकडे काम करणारे ‘डीपीपी’ जनुक आणि बेडकात पोटाकडे काम करणारे ‘बीएमपी-4’ हे जनुक एकमेकांचे जुळे आहेत, आणि त्यांना रोखणारी जनुके दोघांत विरुद्ध बाजूंना, चेतासंस्था बनते त्या बाजूला, असतात. 1990 च्या दशकात हे स्पष्ट झाले. म्हणजे शरीराची वरखाली अदलाबदल झाली असावी, पण पूर्वज कृमी किंवा शेवंड नव्हता. वलयी आणि संधिपाद प्राणीसुद्धा जवळचे भाऊबंद नाहीत, असे 1997 मधील रेणवीय अभ्यासाने दाखवले, आणि वलयी, संधिपाद व पृष्ठवंशी या तिन्ही गटांत खंड एकदाच उगम पावले की वेगवेगळ्या वेळी, यावर आजही एकमत नाही.

यामुळेच ‘पृष्ठ’ शब्दही जपून वापरावा. ‘पृष्ठ’ म्हणजे पाठ, तसेच पृष्ठभागही. कीटकाची पाठ आणि आपली पाठ एकच बाजू आहे का, हाच जेथे प्रश्न आहे, तेथे ‘चेतारज्जूची बाजू’ आणि ‘हृदयाची बाजू’ असे लिहावे. म्हणजे कोण उलटा आहे, हे वाक्य आधीच ठरवून टाकत नाही.