प्रति: एलईडी वॉल असताना गॉझ कशाला?

वॉल चित्र दाखवते. गॉझ, म्हणजे मंचावर कलाकारांपुढे टांगलेला पातळ जाळीदार पडदा, गायकाला लपवतो आणि हव्या त्या ओळीवर समोर आणतो, फरक इथे आहे. लपवण्यातूनही गोष्ट सांगता येते: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८०-८१च्या 'द वॉल' प्रयोगांत पूर्वार्धभर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत चढत जाई आणि मध्यंतरापर्यंत अख्खा बँड तिच्याआड जाई. बँड आणि प्रेक्षकांमधला दुरावा त्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहायचा.

गॉझवर समोरून उजेड आणि मागे काळोख असेल तर तो भिंतच. उलट केलं की जवळजवळ नाहीसा. फसतं ते कोनामुळे. समोरचे दिवे आडवे मारले की उजेड जाळीतून आरपार जाऊन तबलजीच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडतो, गुपित तिथेच फुटतं. दिवे पडद्याजवळ, वरून उभ्या कोनात मारा. कलाकार किमान २ मीटर मागे, त्यांच्यामागे काळा पडदा. गॉझवर चित्र टाकणारा प्रोजेक्टरही उंच टांगा, म्हणजे आरपार गेलेलं चित्र माणसांवर न पडता जमिनीवर पडेल.

गॉझमागचा कलाकार उलगडून दाखवताना मागचा उजेड आधी चढवा, साधारण ६-८ सेकंदांत. तो निम्म्यावर आला की समोरचा उतरवा. दोन्ही एकदम हलवले तर मध्येच सगळं मळकट दिसतं. गॉझच्या खालच्या शिवणीत पाइप घालायला विसरू नका, एसीच्या झोताने पडदा डुलतो आणि चित्रातला चेहराही.

आणि हो, वादकांचे टॅबलेट डार्क मोडवर! काळोखात गॉझमागून सगळ्यात आधी तेच दिसतात.