भूतान : सात दिवसांत थिंफू, पुनाखा, फोबजिखा आणि पारो हे सारे बसवावे का?

प्रश्न

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही सहा जण भूतानला जाणार आहोत. सत्तरीला टेकलेले आई-वडील, आम्ही दोघे, नऊ वर्षांचा मुलगा आणि अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेली, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलेली माझी बहीण. बागडोगऱ्याला उतरून जयगावमार्गे फुंटशोलिंगहून आत शिरायचे आणि सहा रात्री राहून त्याच वाटेने परतायचे, असा विचार आहे. प्रति रात्र शुल्काचा हिशेब नेमका कसा करावा, बागडोगऱ्याहून केलेली गाडीच आत न्यावी का, आणि वडिलांचे गुडघे दुखत असताना पारोजवळच्या कड्यावरील ताक्त्सांग मठाचा बेत ठेवावा का, याबद्दल जाऊन आलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आधी शुल्काचे पाहू, कारण अंदाजपत्रक तिथेच चुकते. भारतीय प्रौढाला शाश्वत विकास शुल्क, म्हणजेच एसडीएफ, माणशी प्रति रात्र १,२०० न्गुल्ट्रम पडते. न्गुल्ट्रम आणि रुपया समान मूल्याचे असल्यामुळे तुम्हा चौघांचे सहा रात्रींचे २८,८०० रुपये होतात. मुलाला वयामुळे निम्मे शुल्क लागेल, म्हणजे ३,६०० रुपये. बहिणीचा हिशेब मात्र पूर्ण वेगळा आहे. भूतानच्या दृष्टीने ओसीआय कार्डाला महत्त्व नाही, पारपत्र कोणत्या देशाचे आहे ते पाहिले जाते. त्यामुळे तिला व्हिसा काढावा लागेल, त्याचे ४० डॉलर आणि प्रति रात्र १०० डॉलर असे एकूण ६४० डॉलर होतील. तिच्या व्हिसाचा अर्ज तुमच्या प्रवेश-परवान्यांआधीच करून टाका.

तुमच्यासाठी पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र चालते, आधार कार्ड चालत नाही. पारपत्राची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. माझ्या पारपत्राचे पाचच महिने उरले होते आणि हे मला निघण्याच्या आठवडाभर आधी उमगले. कपाटाच्या तळाशी पडलेले, फोटोत मी ओळखूही येत नाही असे मतदार ओळखपत्र शोधून काढले, म्हणून निभावले. मुलाचे पारपत्र नसेल तर जन्म दाखला बरोबर घ्या, तोही इंग्रजी मजकूर असलेला.

भारतीय पाटीची गाडी आत न्यायची तर दिवसाला ४,५०० न्गुल्ट्रम वेगळे मोजावे लागतात. म्हणून बागडोगऱ्याची गाडी जयगावलाच सोडा, तिथे रात्र काढा आणि सकाळी सीमा ओलांडून भूतानची गाडी करा.

दुसरा प्रतिसाद

शुल्काबाबत वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. माझा आक्षेप शीर्षकातल्या चार नावांना आहे. नकाशावर अंतरे फसवी दिसतात. फुंटशोलिंग ते थिंफू सुमारे दीडशे किलोमीटर असले तरी पाच तास लागतात. थिंफूहून दोचुला खिंड ओलांडून पुनाखाला पोहोचायला तीन तास धरा, आणि पुनाखाहून फोबजिखाला जायला आणखी तेवढेच. फोबजिखाहून पारोला परतायचे म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत जातो. त्यापेक्षा थिंफू, पुनाखा आणि पारो येथे दोन-दोन रात्री ठेवा. पुनाखा सुमारे १,२०० मीटरवर असल्याने तिथे ज्येष्ठांना थंडीचा त्रास कमी होतो, आणि फो छू व मो छू या नद्यांच्या संगमावरचा जोंग, म्हणजे किल्लावजा मठ, घाईने पाहण्यासारखा नाही.

थिंफू आणि पारो यांच्या पलीकडे जायला परवानाधारक गाइड सक्तीचा आहे, त्यामुळे पुनाखाचे दिवस ठरवतानाच तो ठरवा. दोचुलाच्या वाटेवर होंत्शोच्या नाक्यावर कागद तपासतात. परवाने गाडीच्या टपावरच्या बॅगेत ठेवू नका. आमच्या चालकाला भर थंडीत दोरखंड सोडून टपावरची बॅग उतरवावी लागली होती आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तिसरा प्रतिसाद

फोबजिखाबाबत माझे मत थोडे निराळे आहे. काळ्या मानेचे क्रौंच ऑक्टोबरच्या अखेरीपासून त्या दरीत उतरू लागतात आणि ११ नोव्हेंबरला गांगते मठात त्यांचा उत्सव असतो. तुमच्या तारखा नेमक्या त्याच सुमाराच्या आहेत. तरीही दरी २,९०० मीटरच्या आसपास असून रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा आई-वडिलांची तयारी असेल तरच पुनाखाची एक रात्र कमी करून तिथे द्यावी.

ताक्त्सांग शेवटी ठेवा. चढण साधारण २,६०० मीटरवर सुरू होते आणि मठ ३,१२० मीटरवर आहे. निम्म्या वाटेवरील उपाहारगृहापर्यंत घोडे मिळतात, पण ते फक्त चढताना. उतरताना पायीच यावे लागते. खरी कसोटी त्यापुढे आहे, कारण मठ समोर दिसत असताना शेकडो पायऱ्या धबधब्यापर्यंत उतरून पुन्हा चढाव्या लागतात आणि परतीला तेच उलट करावे लागते. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार नडतो. उपाहारगृहाच्या अंगणातून समोरच्या कड्याला चिकटलेला मठ स्वच्छ दिसतो. वडिलांनी तिथपर्यंतही घोड्यावरून जायचे की नाही, हे उतरण्याचा विचार करूनच ठरवावे. वर जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. मोबाइल आणि बॅगा दाराशीच ठेवाव्या लागतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. फोबजिखा वगळून दोन-दोन रात्रींचाच आराखडा पक्का केला आहे. ताक्त्सांगच्या दिवशी वडील पारोतच थांबतील, आणि आईने त्यांच्या सोबतीला राहायचे स्वतःहून कबूल केले आहे. बहिणीचा व्हिसा अर्ज आज रात्रीच भरतो.